हँग थांबला म्हणजे बिघाड गेला का?

सुटे भाग आणून घरी जोडलेल्या डेस्कटॉपमध्ये प्रोसेसर एका कंपनीचा असतो, मदरबोर्ड दुसरीचा, रॅम तिसरीची आणि वीज पुरवणारा एसएमपीएस चौथीचा. प्रत्येक भागाला वॉरंटी असते, अख्ख्या यंत्राला मात्र कोणाचीच नसते. असा संगणक सुरूच झाला नाही तर फार बिघडत नाही, कारण दोष समोर दिसतो. पण तो सुरू होतो, छान चालतो आणि मग केव्हातरी जागच्या जागी थांबतो, तेव्हा जोडणाऱ्याची कसोटी लागते. पुण्यातल्या एका घरात यावरून मामा-भाचीत वाद झाला. मामांचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, फ्लॉपीच्या काळापासूनचं. भाची लग्नसमारंभांचे आणि माहितीपटांचे व्हिडिओ संकलित करते आणि हा डेस्कटॉप तिने त्याच कामासाठी स्वतः जोडला. बिघाड शोधायचा कसा, याबद्दल दोघांची मतं टोकाची आहेत. दोघांचंही म्हणणं ऐकण्यासारखं आहे.

मामा : नुसतं ‘हँग होतो’ सांगू नकोस. काय काय होतं ते सांग.

भाची : चित्र आहे तिथे थांबतं. माउस हलत नाही, कोपऱ्यातलं घड्याळ पुढे सरकत नाही. निळा पडदा येत नाही, आपोआप रीस्टार्टही होत नाही. पॉवरचं बटण दाबून धरलं तरच बंद होतो. कधी रेंडर चालू असताना, कधी मी जेवायला उठलेली असताना, काहीच चालू नसताना.

मामा : कॅप्स लॉकचा दिवा बदलतो?

भाची : नाही. घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवरून पिंग करून पाहिलं, त्यालाही उत्तर नाही.

मामा : मग नुसतं चित्र अडकलेलं नाही. विंडोजची नोंदवही उघडलीस?

भाची : इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ एवढीच नोंद आहे. हार्डवेअरच्या चुकीची नोंद कुठेच नाही.

मामा : ती ४१ नंबरची नोंद पुढच्या वेळी सुरू होताना पडते. मागच्या वेळी यंत्र नीट बंद झालं नव्हतं, एवढंच ती सांगते. त्यात ‘पॉवर’ वाचून लोक माझ्याकडे एसएमपीएस बदलायला येतात.

या कॅप्स लॉकच्या दिव्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण फुकटात होणारी ही सगळ्यात चांगली तपासणी आहे. तो दिवा कीबोर्ड आपल्या मनाने लावत नाही. कळ दाबल्याची खबर संगणकाकडे जाते आणि दिवा लावायचा हुकूम ऑपरेटिंग सिस्टिमकडून परत येतो. दिवा बदलला तर आतली यंत्रणा जागी आहे आणि संशय ग्राफिक्स कार्डावर किंवा त्याच्या ड्रायव्हरवर घ्यायचा. गाणं चालू असेल आणि ते पुढे वाजत राहिलं, तरी अर्थ तोच. दिवा मेलेला, पिंगला उत्तर नाही, आवाजाचा एकच तुकडा घरघरत राहिलेला, असं असेल तर बहुधा मुळापासूनच सगळं थांबलेलं असतं. विंडोज पुन्हा टाकण्यात दिवस घालवण्याआधी ही पाच मिनिटं द्यावीत. इथपर्यंत मामा-भाचीचं एकमत होतं.

मामा : उद्या दुकानात घेऊन ये. माझ्याकडे खात्रीचा एसएमपीएस आहे, रॅमच्या चांगल्या पट्ट्या आहेत, एक बोर्डही मिळेल. एकेक बदलत जाऊ. जे बदलल्यावर थांबेल, ते खराब.

भाची : इथेच माझा विरोध आहे, मामा. थांबलं हे कशावरून ठरवणार?

मामा : चालवून. दिवसभर चालला की झालं.

भाची : मी प्रत्येक हँगची वेळ लिहून ठेवली आहे. सरासरी दोन दिवसांनी एकदा होतो, पण कधी एका सकाळीच दोनदा होतो, तर कधी चार दिवस काही नाही. समज, तू एसएमपीएस बदललास आणि दीड दिवस काही झालं नाही. काहीही न बदलतासुद्धा दीड दिवस नीट जाण्याची शक्यता जवळजवळ निम्मी आहे. मग तो एसएमपीएसचा गुण की नुसता योग?

मामा : मग किती थांबायचं?

भाची : सरासरीच्या तिप्पट. दोन दिवसांनी होत असेल तर सहा दिवस एकदाही न होता गेले पाहिजेत. तेव्हा योगायोगाची शक्यता पाच टक्क्यांवर येते. आणि त्या सहा दिवसांत दुसरं काही बदलायचं नाही. बायोस नाही, ड्रायव्हर नाही, भिंतीतला प्लगसुद्धा नाही.

मामा : चार भागांवर संशय असेल तर झाला महिना. गिऱ्हाईक महिनाभर थांबतं का? त्याचं काम अडलेलं असतं, रोज फोन येतो. आणि विकत घेतलेला भाग बदलून द्यायची दुकानदाराची मुदत तेवढ्यात संपते. मग कंपनीच्या सेवा केंद्राच्या खेपा. तुझा हिशेब बरोबर आहे, पण महिनाभर थांबणं परवडतं कोणाला?

हा तिप्पटीचा नियम ज्याने त्याने लक्षात ठेवावा असा आहे. मधूनमधून होणाऱ्या बिघाडात ‘काल हे केलं आणि आज नीट चालतंय’ या वाक्याइतकी फसगत दुसऱ्या कशाने होत नाही. पण मामांचा प्रश्नही खरा आहे आणि त्याचं उत्तर त्यांनीच दिलं.

मामा : बिघाडाची वाट बघत बसायचं नाही. त्याला बाहेर ओढायचं. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ घे आणि त्यावरून संगणक सुरू कर. विंडोज नाही, ड्रायव्हर नाहीत, नुसती रॅम तपासली जाते. मग विंडोजमध्ये प्राइम९५ लाव.

भाची : ते मोठ्या मूळसंख्या शोधायचं? मर्सेन संख्यांच्या प्रकल्पातलं?

मामा : तेच. १९९६ पासून चालू आहे तो प्रकल्प. गणितात एक चूक झाली तरी सगळी मेहनत वाया, म्हणून त्यांनी यंत्राला पिळून काढणारी चाचणी त्यात ठेवली. आम्ही दुकानदार तीच वापरतो. दोन दिवसांनी होणारा हँग तासाभरात आला तर तुझे सहा दिवस तीन तासांवर येतील.

भाची : पण नुसतं बसलेलं असतानाही अडकतो त्याचं काय? तिथे तर भार वाढवून उपयोग नाही.

मामा : म्हणून तर मी आधी एसएमपीएस म्हणतोय. २०१३ मध्ये इंटेलचे हॅसवेल प्रोसेसर आले, ते निवांत असताना इतके गाढ झोपायचे की बारा व्होल्टच्या तारेवर जेमतेम ०.०५ अँपिअर घ्यायचे. जुन्या धाटणीच्या एसएमपीएसना एवढा कमी भार झेपायचा नाही. मग कंपन्यांनी कुठला एसएमपीएस चालेल याच्या याद्या काढल्या.

भाची : २०१७ च्या एएमडीच्या पहिल्या रायझन प्रोसेसरच्या वेळीही लिनक्सवाल्यांना हाच त्रास झाला. काम चालू असताना ठणठणीत, मोकळा सोडला की मेलेला. नंतर बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ नावाची सोय आली. तिथे ‘टिपिकल करंट आयडल’ निवडलं की प्रोसेसर त्या गाढ झोपेत जात नाही. ती सोय माझ्या बोर्डावर असेल तर एसएमपीएस न बदलता तुझा संशय तपासता येईल.

मामा : असेल तर तेच आधी कर. फुकटचं आहे. आणि घरातलं अर्थिंग बघ. जुन्या वाड्यातली वायरिंग आहे तुमची, तीन पिनांचं सॉकेट असलं म्हणून तिसऱ्या भोकात अर्थ असतोच असं नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिणी येते का?

भाची : नाही. मीटरने न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजलं, एका व्होल्टच्या आसपास आहे.

मामा : चांगलं आहे. बारा व्होल्टची तारही मोज. ११.४ ते १२.६ च्या आत हवी. पण मीटरवर भरवसा ठेवू नकोस. तो सरासरी दाखवतो, क्षणभराची घसरण त्याला दिसत नाही. म्हणूनच मी दुसरा एसएमपीएस लावून बघतो. आणि एकदा बोर्डाखाली बघ, कॅबिनेटमधला एखादा जास्तीचा पितळी स्क्रू नको तिथे उभा राहिला असेल. प्रोसेसरच्या कूलरचे चारही स्क्रू सारखे आवळलेले हवेत. एका बाजूला जास्त दाब पडला की रॅमकडे जाणाऱ्या पिना नीट टेकत नाहीत.

मामांच्या या अनुभवाला पर्याय नाही. जास्तीचा पितळी स्क्रू कुठल्याही नोंदवहीत दिसत नाही. पण नुसत्या अदलाबदलीने केवढी दिशाभूल होते, याचं भाचीने दिलेलं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटलं.

भाची : इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरचं काय झालं आठवतं? खेळ सुरू करताना पडद्यावर यायचं, ग्राफिक्सची मेमरी संपली. लोकांनी ग्राफिक्स कार्ड बदलली, ड्रायव्हर बदलले, विंडोज पुन्हा टाकलं. दोष प्रोसेसरमध्ये होता. दाबून ठेवलेला डेटा उलगडताना तो चुकत होता आणि ती चूक ग्राफिक्सच्या नावाने बाहेर पडत होती. २०२४ च्या जुलैमध्ये इंटेलने मान्य केलं की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. ऑगस्टमध्ये त्यावर उपाय म्हणून नवा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतला सूचनासंच, आला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण ज्यांच्या प्रोसेसरची आधीच झीज झाली होती ते मायक्रोकोडने पूर्ववत झाले नाहीत.

मामा : तिथेही शेवटी प्रोसेसर बदलूनच कळलं ना?

भाची : हो, पण प्रोसेसर बदलायचा हे कळण्यासाठी आधी कोणीतरी नोंदी जुळवून पाहिल्या. लिनस टॉरवाल्ड्सचंच बघ. लिनक्सच्या गाभ्यातले दोष शोधणं हे त्याचं रोजचं काम. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच्या डेस्कटॉपवर कंपाइल करताना कसेही, कुठेही बिघाड व्हायला लागले. त्याचाही पहिला संशय नव्या कर्नलवर गेला. निघाली काय, तर अडीच वर्षं बिनतक्रार चाललेली रॅमची एक पट्टी. आणि रॅममधली चूक ओळखणारी, दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी सामान्य ग्राहकाला मिळत नाही म्हणून त्याने त्याच्या आदल्या वर्षीच राग व्यक्त केला होता.

मामा : डीडीआर५ मध्ये ईसीसी असते म्हणतात.

भाची : चिपच्या आतल्या आत असते. पट्टीपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक तिला दिसत नाही. माझा संशय त्या वाटेवरच आहे.

मामा : रॅम कितीवर चालवतेस?

भाची : चार पट्ट्या, सोळा-सोळा जीबीच्या. एक्स्पो चालू करून ६००० वर.

मामा : हे तू आत्ता सांगतेस?

रॅमच्या खोक्यावर जो मोठा आकडा छापलेला असतो, तो तिचा उपजत वेग नसतो. डीडीआर५ च्या बहुतेक पट्ट्या सुरुवातीला प्रमाणित, कमी वेगावर म्हणजे ४८०० च्या आसपास उठतात. खोक्यावरचा आकडा मिळवायला बायोसमध्ये जाऊन एक सोय चालू करावी लागते. इंटेलने २००७ मध्ये आणलेली एक्सएमपी, आणि एएमडीने २०२२ मध्ये आणलेली एक्स्पो. दोन्ही कंपन्या याला ओव्हरक्लॉकिंग मानतात. बाजारात मात्र ते तसं सांगून विकलं जात नाही. भाचीचा प्रोसेसर रायझन ७००० मालिकेतला. त्याच्या अधिकृत माहितीपत्रकात दोन पट्ट्यांना ५२०० आणि चार पट्ट्यांना फक्त ३६०० हा वेग दिलेला आहे. ती ज्या वेगाने चालवत होती तो या हमीच्या खूप पुढचा होता. तिने एकाच प्रकारच्या दोन जोड्या घेतल्या होत्या, आणि कारखान्यात तपासणी जोडीची होते, दोन जोड्यांची एकत्र होत नाही.

यानंतर मामांनी दुकानात नेण्याचा आग्रह सोडला आणि भाचीने प्रत्येक भागासाठी सहा दिवस थांबण्याचा. काही आठवड्यांनी दोघं पुन्हा बसले तेव्हा तिच्याकडे वहीभर नोंदी होत्या.

भाची : चार पट्ट्या ६००० वर लावून मेमटेस्ट रात्रभर ठेवली. पहिल्या फेरीत काही नाही, दुसरीत लाल ओळी. मग प्रत्येक पट्टी एकटी, त्याच खाचेत, त्याच वेगाने तपासली. चारही निर्दोष. दोन-दोनच्या दोन्ही जोड्याही निर्दोष.

मामा : आणि चारही पट्ट्या ३६०० वर?

भाची : एकही चूक नाही. हँगही नाही. तिप्पट मुदत उलटून गेली.

मामा : म्हणजे खराब काहीच नाही.

भाची : आणि तू दुकानात काय केलं असतंस? दोन पट्ट्या काढल्या असत्यास, हँग थांबला असता, काढलेल्या दोन खराब म्हणून कंपनीकडे पाठवल्या असत्यास. तिथून दोष नाही म्हणून परत आल्या असत्या.

मामा : तुझा संगणक मात्र पहिल्याच संध्याकाळी चालू झाला असता.

भाची : ३२ जीबीवर. माझं काम त्यात भागत नाही.

मामा : तेव्हा भागवलं असतंस आणि बत्तीस-बत्तीसच्या दोन पट्ट्यांची एक जोडी घेतली असतीस. अजूनही मी तेच सांगेन. चार खाचा दिसल्या म्हणून चार भरायच्या नसतात. आणि ही गोष्ट तुला विकणाऱ्याने सांगायला हवी होती. दुकानदार म्हणून सांगतो, दोन जोड्या एकदम मागितल्या की कशासाठी हव्यात हे विचारणं आमचं काम आहे.

भाची : मी गेले होते. तो म्हणतो, माल खराब असेल तरच बदलून देईन. आणि माल खराब नाही, हे माझ्याच वहीत लिहिलेलं आहे. माझ्याच नोंदी माझ्याविरुद्ध गेल्या, तरी मला त्याचं वाईट वाटत नाही. कारण दुसरी एक गोष्ट सापडली.

मामा : काय?

भाची : हँग होत होते त्या दिवसांत कॅमेऱ्याच्या कार्डांवरून मी जे चित्रीकरण उतरवून घेतलं, त्या प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्यातल्या डेटावरून काढलेला आकडा, कार्डावरच्या मूळ फाइलशी ताडून पाहिला. काही फाइली वेगळ्या निघाल्या. उघडतात, चालतात, कुठेतरी एखादी चौकट फाटलेली. कार्डं पुसली नव्हती म्हणून वाचले. एका म्हाताऱ्या शाहिरांची मुलाखत होती त्यात. ती पुन्हा घेता येणार नव्हती.

मामा थोडा वेळ बोलले नाहीत.

मामा : आमच्याकडे गिऱ्हाईक संगणक चालू होतो का तेवढं बघून घेऊन जातं. फाइली तपासायचं काम येतच नाही.

भाची : म्हणून मला कारण हवं होतं, मामा. नुसता हँग असता तर मीही कंटाळून दोन पट्ट्या काढल्या असत्या. पण ज्या चुकीने यंत्र थांबतं, तीच चूक एरवी यंत्र न थांबवता फाइलीत जाऊन बसते. ती कुठून आली हे कळलं नसतं, तर कुठल्या तारखेपासूनच्या फाइली तपासायच्या हेही कळलं नसतं.

मामा : आणि मी सांगतो ते तू लिहून घे. पहिला हँग झाला त्याच दिवशी कामाच्या फाइली या यंत्रावर उतरवणं थांबवायला हवं होतंस. कारण नंतर शोधता येतं. मी पट्ट्या काढायला सांगतो ते घाईपायी नाही. आजारी यंत्रावर काम करू नये म्हणून सांगतो.

हा वाद इथे संपला नाही आणि संपावा असंही मला वाटत नाही. भाचीने चार पट्ट्या ३६०० वर ठेवल्या आहेत आणि तिच्या कामात फरक जाणवत नाही असं ती म्हणते. मामा जुन्या पट्ट्या विकून एक जोडी घ्यायच्या मताचे आहेत. पण माझं मत भाचीकडे झुकतं, आणि ते तिच्या हिशेबामुळे नाही, त्या मुलाखतीमुळे. अशा चुका दुर्मीळ नाहीत. गूगल आणि टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गूगलच्या सर्व्हरांमधली रॅम तपासली होती, तेव्हा वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांमध्ये चुका आढळल्या होत्या. तिथे ईसीसी होती म्हणून त्या मोजता तरी आल्या. घरच्या डेस्कटॉपवर सहसा ईसीसी नसते, त्यामुळे अशी चूक कोणी मोजत नाही आणि ती झाल्याचं कोणाला कळतही नाही. यंत्र हँग झालं तर उलट आपलं नशीब, कारण निदान संशय तरी येतो.

जे कोणी येत्या दिवसांत नवा डेस्कटॉप जोडणार असतील, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. रॅम घेताना आपल्या प्रोसेसरवर तेवढ्या पट्ट्या तेवढ्या वेगाने चालतात का, हे माहितीपत्रकात पाहा आणि विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्या. जोडून झाल्यावर, सगळ्या पट्ट्या लावून आणि जो वेग रोज वापरणार त्याच वेगावर, मेमटेस्ट एक रात्र चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी एकही चूक दिसली नाही तरच घरातले फोटो, हिशेब आणि काम त्यावर आणा. आणि मूळ प्रती लगेच पुसू नका.